तिकीटबारीच्या आतल्या बाजूने

मराठी सिनेमाच्या यशाचा इतिहास आपण आठवड्यांत मोजत आलो. 'संत तुकाराम' 1936 साली लागला आणि मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. 'सांगत्ये ऐका' 1959 मध्ये आला, तो पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे होता. दादा कोंडक्यांच्या नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. पुढे आठवडे गेले आणि कोटी आले. 'सैराट' कितव्या दिवशी किती कोटींवर पोचला, हे शाळेतली पोरं सांगायची. आकड्यांशी माझं भांडण नाही. पण त्या आकड्यावरून सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायला लोक बसतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. हा आकडा ज्या खिडकीत जन्माला येतो, त्या खिडकीच्या आत माझी तरुणपणाची वर्षं गेली.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये मी बुकिंग क्लार्क होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षं. टॉकीजचे दिवस भरले तेव्हा गाव सोडलं. औरंगाबादजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली सुरू झाला होता. त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने एकामागून एक उभे राहत होते. वडगाव कोल्हाटी, रांजणगाव, जोगेश्वरी या खेड्यांच्या शिवारात मराठवाड्यातल्या गावागावांतून माणसं येऊन खोल्या करत होती. त्यातलाच मी एक. बजाजनगर असंच वसलं, आणि मी तेव्हापासून इथलाच. शेजारपाजारची नातवंडं मोबाइलवर सिनेमाची कमाई वाचून वाद घालतात. "आजोबा, तुम्ही सांगा, हिट झाला म्हणजे भारीच असेल ना?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी आकडा कसा तयार व्हायचा ते सांगतो. प्रत्येक खेळाचा हिशेब आम्ही डीसीआरमध्ये भरत असू. डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता. थर्ड, सेकंड, फर्स्ट, बाल्कनी, प्रत्येक वर्गाचा पहिला तिकीट नंबर, शेवटचा नंबर, विकलेली तिकिटं, एकूण रक्कम, त्यातून करमणूक कर वजा, उरलेल्यातून वितरकाचा वाटा. सिनेमाची पेटी एसटीच्या टपावरून यायची आणि तिच्याबरोबर वितरकाचा माणूस यायचा. त्याला आम्ही 'रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणायचो. तो दारापाशी उभा राहून डोकी मोजायचा, कारण त्याच्या मालकाचा टॉकीजवाल्यावर विश्वास नसायचा. कर खात्याचा इन्स्पेक्टर अवचित यायचा, कारण सरकारचा दोघांवरही विश्वास नसायचा.

त्या अविश्वासाला कारण होतं. मी पाहिलेल्या एका टॉकीजात डोअरकीपर तिकीट न फाडता ठेवून घ्यायचा आणि तेच तिकीट पुढच्या खेळाला पुन्हा खिडकीत यायचं. मग हजार माणसांनी पाहिलेला खेळ वहीत सहाशेचा व्हायचा. उलटी तऱ्हाही होती. सिनेमा वीस-बावीस आठवड्यांवर येऊन थकला की मोठ्या शहरातल्या थिएटरचं भाडं निर्माता स्वतःच्या खिशातून भरायचा आणि पंचवीस आठवडे ओढून न्यायचा. 'रौप्यमहोत्सवी' ही अक्षरं पोस्टरवर आली की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी भाव चढायचा. आमचा मालक त्या अक्षरांना पैसे मोजायचा आणि पब्लिकही त्या अक्षरांना भुलून यायचं. म्हणजे जुन्या वह्यांतला गल्ला खरा किती होता, हा पहिला प्रश्न. दर्जाचा प्रश्न त्याच्याही पुढचा.

समजा वही प्रामाणिक आहे. तरी तिच्यात काय लिहिलेलं असायचं? आमच्या गावात तिच्यात पाऊस असायचा. पेरणीच्या दिवसांत केवढाही मोठा नट असो, टॉकीज ओस. कापूस विकून हातात पैसा आला की दिवाळीनंतरच्या महिन्यांत काहीही लावा, भरायचं. बाजारच्या दिवशी दुपारचा खेळ हमखास चालायचा, कारण खेड्यातून आलेली माणसं संध्याकाळच्या एसटीची वाट बघत सावली शोधायची. एकच सिनेमा जूनमध्ये लागला तर पडला आणि जानेवारीत लागला तर चालला, हे मी किती वेळा पाहिलं. कापसाचा भाव पडला त्या वर्षी मराठी आणि हिंदी दोन्ही सिनेमे पडले. त्या वर्षीच्या दिग्दर्शकांना काही एकदम कमी कळायला लागलं नव्हतं.

मराठवाड्याची आणखी एक अडचण होती, तिच्याकडे सिनेमावर लिहिणारे फारसे बघत नाहीत. 17 सप्टेंबर 1948 ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आलो. पण सिनेमाच्या धंद्याने त्याची दखलच घेतली नाही. हिंदी सिनेमाच्या वितरणात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे 'निजाम' सर्किटात राहिले, तेलंगणाच्या जोडीला. मुंबईत लागलेला सिनेमा आमच्याकडे यायला महिने लागायचे, कधी वर्ष उलटायचं. प्रिंट मोजक्याच निघायच्या. त्या मोठ्या शहरांत घासून झाल्या की आमच्याकडे यायच्या. कुठे गाणं तुटलेलं, कुठे रीळ जोडून लावलेलं. अशा प्रिंटवर सिनेमा पडला तर तो सिनेमा पडला म्हणायचं की प्रिंट?

दादांच्या 'सोंगाड्या'ची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1971 साल. दादरचं कोहिनूर थिएटर ठरलेलं असताना मालकाला तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' चालवायचा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. लागल्यावर तो उतरेचना. आपण ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण बुकिंग क्लार्क म्हणून मला त्यात दुसरंच दिसतं. ते थिएटर मिळालं नसतं तर आज 'सोंगाड्या' पडलेल्या सिनेमांच्या यादीत असता, आणि दादांना पुढचा सिनेमा कुणी करू दिला असता का, सांगता येत नाही. सिनेमा तोच, वसंत सबनिसांचं लेखन तेच, राम कदमांचं संगीत तेच.

दादांच्या सिनेमांना त्या काळी शिकलेल्या माणसांनी नाकं मुरडली. इतकी गर्दी होते म्हणजे माल हलका असणार, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब मला गल्ला म्हणजेच दर्जा या हिशेबाइतकाच चुकीचा वाटतो. थर्डच्या बाकड्यावर बसून दिवसभर राबून आलेली माणसं 'पांडू हवालदार'ला कुठे हसतात, हे मी दाराच्या फटीतून बघितलं आहे. ती फक्त दुहेरी अर्थावर हसत नव्हती. वरच्या माणसापुढे गरीब, बावळा दिसणारा माणूस आपलं डोकं चालवून निभावून नेतो, तिथे सगळ्यात मोठा हशा यायचा. दादांना वेळ साधायची कशी हे माहीत होतं, आणि ती कला लोकनाट्यात घासून आलेली होती. पुढे पुढे त्यांच्या सिनेमात तोचतोचपणा आला, हेही खरं. पण पब्लिकने दोन्हींना सारखीच गर्दी केली. सुरुवातीची ताकद आणि नंतरचा तोचतोचपणा, माझ्या डीसीआरवर दोन्ही एकाच शाईत उतरले.

आता 'सामना' घ्या. निर्माते रामदास फुटाणे, पटकथा विजय तेंडुलकरांची, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, आणि समोरासमोर श्रीराम लागू आणि निळू फुले. साखर कारखान्याच्या राजकारणावर इतकं थेट त्याआधी मराठी पडद्यावर कुणी बोललं नव्हतं. पहिल्यांदा लागला तेव्हा लोक फिरकले नाहीत. मग 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, सिनेमा पुन्हा लावला आणि चालला. मधल्या काळात त्यातली एक फ्रेमही बदललेली नव्हती. जो सिनेमा काही महिन्यांपूर्वी 'पडेल' होता तोच 'गाजलेला' झाला. आमच्याकडे तो फार उशिरा आला. मास्तर आणि हिंदूराव पाटील यांची जुगलबंदी बघून बाहेर पडलेली माणसं नेहमीसारखी गाणं गुणगुणत गेली नाहीत. टॉकीजसमोरच्या हॉटेलात बसून ती आपल्याच तालुक्यातल्या पुढाऱ्यांची नावं दबक्या आवाजात घेत होती. खेळ चारच दिवस टिकला. मालकाने पेटी परत पाठवली. मला अजूनही वाटतं, त्या टॉकीजात त्या वर्षी लागलेला तो सगळ्यात चांगला सिनेमा होता.

त्याच 1975 सालात 'शोले' आणि 'जय संतोषी माँ' आले. पहिल्या आठवड्यात धंद्यातल्या जाणत्यांनी 'शोले' पडला म्हणून सांगितलं होतं. तोच सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही. 'जय संतोषी माँ' अगदी थोड्या पैशात काढलेला, पण बायका टॉकीजबाहेर चपला काढून आत जात, पडद्यावर देवी आली की हात जोडत, नाणी टाकत. आमच्या टॉकीजात लेडीजचा वेगळा भाग होता, वेगळं दार होतं. एरवी तो अर्धा रिकामा असायचा. त्या सिनेमाला लेडीजचं दार आधी बंद करावं लागे. शुक्रवारचे उपास सुरू झाले ते गावात कित्येक वर्षं चालले. त्या गर्दीला दर्जाबद्दल विचारणंच चूक. माणसं सिनेमा बघायला नव्हे, दर्शनाला येत होती.

गर्दी आणि गुण यांचा मेळ कधीच बसला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 'संत तुकाराम' हे त्याचं उत्तर आहे. दामले-फत्तेलाल यांचा तो सिनेमा मुंबईत वर्षभर चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम खेड्यातल्या म्हाताऱ्यांना खरा तुकाराम वाटला आणि परदेशातल्या जाणकारांनाही भावला. आमच्या टॉकीजात आषाढीच्या सुमाराला त्याची जुनी, ओरखडे पडलेली प्रिंट यायची. चाळीस वर्षांचा सिनेमा, आवाज मधेच बसायचा, तरी माणसं यायची. पेरणी अडली असली तरी यायची. पावसावर मात केलेला एवढा एकच सिनेमा मी पाहिला. आता वाळूजच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला लाखोंनी लोक येतात, बजाजनगरचे रस्ते दिंड्यांनी भरून जातात. त्या गर्दीतून चालताना मला पागनिसांचा चेहरा आठवतो, पहिल्या वर्षीचा गल्ला नाही. माझ्या लेखी सिनेमाची परीक्षा अशी आहे: तो पुन्हा आणला तर लोक पुन्हा येतात का, आणि मुलाला घेऊन येतात का. पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यात हे मावत नाही.

कुठल्या सिनेमाला किती मदत द्यायची, हा प्रश्न सरकारनेही एकदा सोडवायचा प्रयत्न केला. 1975 साली मराठी सिनेमासाठी कर परताव्याची योजना आली. सिनेमाने जेवढा करमणूक कर गोळा केला तो निर्मात्याला पुढच्या सिनेमासाठी परत मिळायचा. त्यातून मराठी सिनेमा जगला, हे मान्य केलंच पाहिजे. त्या पैशाशिवाय कित्येक निर्माते उभेच राहिले नसते. पण योजनेची रचना बघा. ज्याचा गल्ला मोठा त्याचा कर मोठा, म्हणून त्याचा परतावा मोठा. 'सामना'सारख्या सिनेमाला पहिल्या फेरीत तिच्याकडून काय मिळणार? पुढे सरकारने धोरण बदललं. समिती सिनेमा बघून दर्जा ठरवायला लागली, 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख अनुदान ठरलं. आता समितीवर आरोप होतात, वशिल्याच्या तक्रारी होतात. तरीही हा बदल मला मोलाचा वाटतो. सिनेमा बघून दर्जा ठरवावा, तिकिटं मोजून नव्हे, एवढं तरी सरकारी कागदावर आलं.

ऐंशीच्या दशकात घरोघरी टीव्ही आला, गावात व्हिडिओ पार्लर निघाली. 'रामायण' सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी रस्त्यावर माणूस दिसेना. टॉकीज आधी एका खेळावर आली, मग गोदाम झाली. मी वाळूजला आलो ते त्या पडझडीतूनच.

1991 मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा मी बजाजनगरच्या खोलीत राहत होतो. त्या सिनेमासाठी आमच्या गल्लीतल्या बायका एकत्र वर्गणी काढून टेम्पो करून शहरात गेल्या. पदर डोळ्यांना लावून परत आल्या आणि पुढच्या आठवड्यात जावांना, नणंदांना घेऊन पुन्हा गेल्या. विजय कोंडके दिग्दर्शित तो सिनेमा 'बाई चली सासरिये' या राजस्थानी सिनेमावरून केलेला. अलका कुबल घराघरांत लेक म्हणून पोचल्या. जाणत्यांनी त्याला रडका म्हणून बाजूला सारलं. मला तो सिनेमा म्हणून फारसा आवडला नाही. सोसत राहणं हाच बाईचा मोठेपणा, असं सांगणारी गोष्ट मला मान्य नाही. पण तो का चालला हे मला कळत होतं. वाळूजला आलेल्या बहुतेक बायकांचं माहेर दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब राहिलं होतं. पाळ्यांची नोकरी करणारा नवरा, दहा बाय दहाची खोली, शेजारी अनोळखी. रडायला जागा हवी होती, ती त्यांना थिएटरच्या अंधारात मिळाली.

2023 च्या 30 जूनला केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला आणि त्याच गल्लीत तेच घडलं. भिशीचे गट, बचत गट, एकसारख्या रंगाच्या साड्या, रिक्षा भरून प्रोझोन मॉलच्या थिएटरला. पण या वेळी बायका हसत परत आल्या आणि मंगळागौरीचे खेळ अंगणात खेळल्या. 'माहेरची साडी'ला गेलेली एक शेजारीण आता सुनेबरोबर गेली होती. दोन्ही सिनेमांनी गल्ल्याचे विक्रम केले. एक बाईला सोसायला सांगतो, दुसरा तिला स्वतःसाठी जगायला सांगतो. आकडा दोन्हींबद्दल एकच सांगतो: बायका आल्या होत्या. त्या काय घेऊन घरी गेल्या, हे आकड्याला माहीत नाही.

नागराज मंजुळेंचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. 'फँड्री' फेब्रुवारी 2014 मध्ये लागला, 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला. दिग्दर्शक एकच, माती एकच, जातीचा राग एकच. 'फँड्री'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गल्ला बेताचा. 'सैराट'ला अजय-अतुलची गाणी होती, आर्ची-परशाचं प्रेम होतं. साताऱ्याकडे रहिमतपूरच्या थिएटरात मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. गल्ला म्हणजेच गुण असं धरलं तर नागराज दोन वर्षांत दसपट चांगला दिग्दर्शक झाला म्हणावं लागेल. तसं कुणीच म्हणत नाही. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आणि 'सैराट'च्या शेवटी लहान मुलाची रक्ताने माखलेली पावलं, दोन्ही एकाच माणसाने एकाच तळमळीने केलेलं काम आहे. मला विचाराल तर 'फँड्री' अधिक घट्ट विणलेला आहे. आणि 'सैराट' मोठा आहे तो शंभर कोटींमुळे नव्हे. ज्यांना तो शेवट बघायचा नव्हता त्यांनाही गाण्यांवर नाचवत नाचवत त्याने तिथवर आणून उभं केलं, म्हणून तो मोठा आहे.

आजचा सगळ्यात मोठा अन्याय वेगळाच आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला 2014 मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला 2016 चं सुवर्णकमळ मिळालं. असल्या सिनेमांना गावोगाव किती खेळ मिळतात? शहरात एखादा, तोही दुपारी बाराचा किंवा रात्री उशिराचा. बजाजनगरचा पहिल्या पाळीचा माणूस दुपारी सुटतो, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीकडे. नगर नाक्यावरून शहरात पोचेपर्यंत खेळ अर्धा झालेला असतो. मग सोमवारी बातमी येते की प्रेक्षकांनी पाठ फिरवली. ज्याला दारच उघडलं नाही, त्याने पाठ फिरवली कशी म्हणता? त्या सिनेमाला लोकांनी नाकारलेलं नसतं, लोकांसमोर तो आलेलाच नसतो. याला उपाय आहेत. आपल्या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथे असले सिनेमे बघायला तरुण पोरं रांग लावतात, हे मी पाहिलं आहे. ती रांग एरवीच्या दिवसांत थिएटरवाल्याला दिसावी, म्हणून संध्याकाळचा एक खेळ तरी अशा सिनेमाला राखून ठेवायला हवा.

माझं मत एवढंच आहे. गल्ला ही साक्ष आहे, निकाल नाही. ती साक्ष मोलाची आहे, कारण ती पाऊस सांगते, पाळ्यांवर चालणारं माणसांचं जगणं सांगते, बायका घराबाहेर कधी पडल्या ते सांगते, थिएटर कुणाच्या हातात होतं ते सांगते. सिनेमा कसा होता, ते मात्र सिनेमा बघूनच सांगावं लागतं.

आणि म्हणूनच एक विनंती. मराठी सिनेमाचा जो इतिहास छापला जातो तो मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या आठवड्यांवर उभा आहे. मराठवाड्यातल्या बंद पडलेल्या टॉकीजांच्या डीसीआर वह्या रद्दीत गेल्या, उरल्यासुरल्या वाळवी खाते आहे. ज्यांच्या वाड्यात, गोदामात, जुन्या ट्रंकेत अशा वह्या, तिकिटांची पुस्तकं, वितरकांची पत्रं, हाताने रंगवलेली पोस्टरं असतील, त्यांनी ती किलोवर विकू नयेत. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांना कळवा, नाही जमलं तर जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या. आणि वहीवर टॉकीजचं नाव, गाव आणि साल तेवढं स्वच्छ अक्षरात लिहून द्या.